सोलापुरात हातात ४२ हजार की पुण्यात ९.६० लाखांचे पॅकेज? हिशेब कसा मांडावा?

जुळे सोलापूर (प्रश्न)
नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याचा लेखा विभाग मी सांभाळतो. दरमहा ४२,००० रुपये हातात येतात. पीएफ मात्र १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० रुपये एवढाच कापला जातो आणि मालकही तेवढेच भरतात. घर वडिलांनी बांधलेले आहे, पत्नीला खासगी शाळेत १४,००० मिळतात आणि मुलगा यंदा पहिलीत जाईल. पुण्यात खराडीच्या एका कंपनीने वार्षिक ९.६० लाखांचे पॅकेज देऊ केले आहे. महिन्याला ८०,००० म्हणजे जवळजवळ दुप्पट, असे सगळे नातेवाईक म्हणतात. परंतु वाघोलीकडे दोन बेडरूमच्या घराचे भाडे मला २२,००० आणि वर देखभाल खर्च २,००० असे सांगण्यात आले. जाण्यायेण्यास ३,००० आणि शाळेच्या फीचे आतापेक्षा ४,००० जास्त धरले, तर दुप्पट पगारातून खरोखर किती उरेल?

कोथरूडकर
वेतनपत्रके तयार करणे हेच माझे काम असल्यामुळे सविस्तर लिहितो. पॅकेज म्हणजे पगार नव्हे. कंपनीला आपल्यावर वर्षभरात येणारा तो एकूण खर्च असतो. मूळ वेतन निम्मे, म्हणजे दरमहा ४०,००० धरू. कंपनी तिच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ, म्हणजे ४,८०० रुपये, या ८०,००० मधूनच दाखवते. ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचे) मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे १,९२४ रुपये, हेही त्यातच असतात आणि कायम नोकरीत ते साधारणपणे पाच वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतात. कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम दहा टक्के असेल, तर आणखी ८,००० वर्षाअखेरपर्यंत दिसणार नाहीत. उरलेल्या ६५,२७६ मधून आपला पीएफ ४,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात सुमारे ६०,३०० येतील. प्राप्तिकराची चिंता नको, कारण २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. मात्र त्या प्रणालीत घरभाड्याची सवलतही नाही, त्यामुळे भाडेपावत्यांमुळे कर वाचेल हा हिशेब धरू नये.

वहिनींना पुण्यात १८,००० ची नोकरी मिळाली असे मानले, तरी ७८,३०० मधून आपण सांगितलेले ३१,००० वजा होऊन ४७,३०० उरतात. आज घरभाडे न देता आपल्या दोघांचे मिळून ५६,००० हातात येतात.

विजापूर रोड
मी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे आणि सोलापूरहून बदली होऊन पुण्यास आलो. आमचे मूळ वेतन व महागाई भत्ता सर्वत्र सारखेच. फरक घरभाडे भत्त्याचा, जो सोलापूरला ‘वाय’ वर्गाप्रमाणे २० टक्के आणि पुण्याला ‘एक्स’ वर्गाप्रमाणे ३० टक्के मिळतो. ५०,००० मूळ वेतनावर ते ५,००० जास्त झाले. हे वर्ग लोकसंख्येवरून ठरतात, प्रत्यक्ष भाड्यांवरून नव्हे, त्यामुळे भाड्यातील खरी तफावत त्यात भरून निघत नाही आणि माझ्या घरातही ती निघाली नाही. शिवाय भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, भाडे दरवर्षी वाढवून मागितले जाते आणि सुरुवातीलाच अनामत रक्कम व दलाली द्यावी लागते.

होटगी नाका
कोथरूडकरांची मांडणी नेमकी आहे, पण तीत एक बाजू राहिली. पीएफ हा खर्च नव्हे, ती आपलीच शिल्लक आहे. पुण्यात दोन्ही वाटे मिळून दरमहा ९,६०० जमा होतील, सोलापुरात ३,६०० होतात. ते मिळवले तर पुण्याचे ५६,९०० आणि सोलापूरचे ५९,६०० होतात, म्हणजे तफावत २,७०० वर येते. हा सगळा हिशेब वहिनींच्या नोकरीवर उभा आहे. ती मिळाली नाही, तर पुण्याला जाणे म्हणजे दरमहा वीस हजारांहून अधिक खड्डा आहे. म्हणून आधी त्यांची मुलाखत व्हावी, असे मी आग्रहाने सांगेन.

नोकरी मिळणार असेल, तर मात्र मी जाण्याच्या बाजूचा आहे. लेखा क्षेत्रातला माणूस कारखान्यात दहा वर्षे राहिला, तरी मालकाचा विश्वास वाढतो, पगार त्या प्रमाणात वाढत नाही, आणि दुसरीकडे जायचे म्हटले तर आपल्याकडे सूतगिरण्या, साखर कारखाने व सहकारी संस्था यांपलीकडे फारसे पर्याय नाहीत. पुण्यात पुढची नोकरी शोधण्यासाठी शहर सोडावे लागत नाही. आई-वडिलांपासून दूर जाण्याची काळजी वाटत असेल, तर ती रास्त आहे. परंतु अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर असून शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने रात्री घरी पोहोचता येते, तो खर्च तेवढा वेगळा धरावा. पाण्याच्या बाबतीत फार आशा ठेवू नये. इथे नळाला रोज पाणी येत नाही हे खरेच, पण वाघोलीतही अनेक सोसायट्या टँकरवर चालतात आणि त्याचा भार देखभाल खर्चावर पडतो. घर ठरवण्यापूर्वी ते अवश्य विचारावे.

जुळे सोलापूर
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. कंपनीकडून वेतनाची फोड लेखी मागवली असून बदलत्या भागाचे ८,००० निश्चित पगारात घ्यावेत, एवढी एकच मागणी केली आहे. पॅकेज तेच ठेवून तसे झाले, तर मूळ वेतन न बदलता हातात सुमारे ६८,३०० येतील आणि पीएफ धरून पुण्याची बाजू पाच हजारांच्या आसपास वर जाईल. त्यातील बराचसा भाग सोलापूरच्या फेऱ्यांना लागेल, हे मान्य आहे. पत्नीने खराडी व चंदननगर भागातील शाळांकडे अर्ज केले आहेत. तिचे निश्चित होईपर्यंत मी होकार कळवणार नाही.