‘कम्युनिटी रेडिओनं आंदोलनात नाक खुपसू नये’ म्हणे

टेकडीवाली:
काल पेठकर यांनी पाणीकपातीच्या धाग्यावर जाता जाता एक पिंक टाकली. "कम्युनिटी रेडिओनं ओव्या, पाककृती आणि परीक्षेचं मार्गदर्शन करावं. झाडं, झोपडपट्ट्या, मोर्चे हे त्यांचं काम नाही. तसंही ऐकतंय कोण?" तिथेच उत्तर दिलं असतं तर टँकरचा विषय बुडाला असता, म्हणून हा वेगळा धागा. (माहीत नसलेल्यांसाठी: कम्युनिटी रेडिओ म्हणजे एखादं कॉलेज किंवा सामाजिक संस्था आसपासच्या लोकांसाठी चालवते ते छोटं एफएम स्टेशन.)

काका, रेडिओच्या लहरी कुणाच्या बापाच्या नाहीत. 1995 साली क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचं सरकारशी भांडण झालं, तेव्हा सुप्रीम कोर्टानंच लहरी सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या. त्यानंतरही कॉलेज-विद्यापीठांना परवाने द्यायला 2002 उजाडलं आणि सामाजिक संस्थांना 2006. जे भांडून मिळालं, त्याला तुम्ही कोशिंबिरी शिकवायला बसवताय.

आणि ओव्या चालतील म्हणता, त्या कधी ऐकल्यात? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात बसून, मावळ-मुळशीच्या गावागावांत फिरून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यात सासुरवास आहे, दारुडा नवरा आहे, बाबासाहेब आहेत. लावा सकाळी सातला. दहा मिनिटांत म्हणाल, हे राजकारण झालं.

मी रोज पुण्यातली वेताळ टेकडी चढते. तिच्यावरून काढायच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याचं काय चाललंय, हे मला पेपरात वाचायला मिळतं तेव्हा बैठक होऊन गेलेली असते. नदीकाठच्या झाडांसाठी 2023 च्या एप्रिलमध्ये माणसं रस्त्यावर आली, ती एकमेकांना फॉरवर्ड पाठवून. पाच-दहा किलोमीटरचा रेडिओ असतो कशासाठी मग?

पेठकर:
माझ्या एका वाक्यावर एवढा मोठा लेख आला. धन्य झालो.

‘ऐकतंय कोण’ याचं उत्तर मात्र आलंच नाही. शंभर वॉटचा ट्रान्समीटर. आपल्या गावात मध्ये टेकडी आली की खलास. शिवाय नव्या फोनला इयरफोनचं भोकच नसतं, एफएम ऐकायचं कशावर?

आणि समुदाय म्हणजे कोण? म्हसवडला माणदेशी तरंग हे स्टेशन आहे, तेलंगणात माचनूरला दलित बायका 2008 पासून संघम रेडिओ चालवतात, दोन्हीबद्दल आदर आहे. तिथे गाव एक, दुष्काळ एक. पुण्यात माझ्या वाड्यातले दोन भाडेकरू एकमेकांशी बोलत नाहीत.

आता माझं दुखणं. आकाशवाणी पुणे 1953 पासूनची. 2023 च्या जूनमध्ये तिचा वृत्तविभाग संभाजीनगरला हलवायचा आदेश निघाला, तेव्हा ओरड आम्ही म्हाताऱ्यांनी केली आणि तो थांबला. तुमचे लहरीवाले तेव्हा कुठे होते?

शेवटचं. परवा रिक्षात असंच एक स्टेशन लागलं होतं. निवेदिका म्हणे, "आनि आता पानी जपून वापरा." उतरलो मी.

बॅटरी_संपली:
मीटरचे पैसे देऊन उतरलात का भांडून?

खरखर:
दोन वर्षं एका स्टेशनवर फुकट राबलोय, नाव सांगत नाही. दोघंही हवेत बोलताय.

नियमात लिहिलंय की ‘बातम्या व चालू घडामोडींशी संबंधित आणि एरवी राजकीय स्वरूपाचे’ कार्यक्रम करायचे नाहीत. त्या ‘आणि’वर आमच्याकडे तास-तास वाद व्हायचे. दोन्ही असेल तरच बंदी, की दोन्हींपैकी एक असलं तरी? शेवटी साहेब म्हणायचे, सोडा हो, स्वयंपाकघर घ्या.

वाहतूक, हवामान, परीक्षा, प्रवेश, साथीचे आजार, पाण्या-विजेची माहिती हे सगळं चालतं. एकदा आमच्याजवळचा बसथांबा हलवला. थांबा हलवलाय हे सांगितलं, चाललं. का हलवला, हे एका आजींनी माइकवर विचारलं, ते कापलं. बातम्या हव्या असतील तर आकाशवाणीच्या घ्या, जशाच्या तशा. आपल्या गल्लीची बातमी आपण सांगायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेठकर, काळजी करू नका, तुमचीच सत्ता आहे.

पैशाचं पण ऐका. आता तासाला 12 मिनिटं जाहिरात चालते, सरकारी दर 10 सेकंदांना 74 रुपये. कागदावर तासाला 5328 होतात. आमच्याकडे अख्ख्या दिवसात दोन जाहिराती यायच्या, त्याही सरकारी योजनांच्या. ज्याच्या पैशावर वीजबिल भरता, त्याच्यावरचा मोर्चा लावायची छाती कुणाची आहे?

जनवाडीकर:
‘पानी’वाल्या मुद्द्यावर येते. बाकीचं मला फार कळत नाही.

माझी आई कचरा वेचायची. 2019 ला एका रेडिओवाल्यांनी बोलावलं, कचरावेचक बायकांच्या तब्येतीवर कार्यक्रम होता. आईनं इस्त्रीचं पातळ नेसलं. रेडिओवर दिसत नाही हे तिला माहीत होतं, तरी नेसलं. ती म्हणाली, "पानी सुटलेला वला कचरा हातानं काढायचा, मंग जखमंत जातंय." मॅडम म्हणाल्या, मावशी, ‘पाणी’ म्हणा. तीनदा म्हणायला लावलं. चौथ्यांदा आई गप्पच बसली. कार्यक्रम लागला तेव्हा शेजारच्या बायका जमवून आम्ही ऐकला. आईचं बोलणं एक मुलगी कागदावरून वाचत होती, एकदम शुद्ध.

त्या दिवसापासून आई फोनवर सुद्धा हळू बोलते. पेठकर, तुम्ही रिक्षातून उतरलात, बरं केलंत.

पेठकर:
तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं. मनापासून. पण पाहुण्यानं कसं बोलावं आणि निवेदकानं कसं बोलावं यात फरक आहे की नाही? माझे वडील शिक्षक. चुकीच्या ‘ण’साठी छडी खाल्लीय मी. प्रमाणभाषा सोडली तर नागपूरचं सांगलीला कळणार नाही.

जनवाडीकर:
‘पानी’ म्हटल्यावर तुम्हाला काय कळलं? दूध?

गुलटेकडी:
😂😂 शंभर वॉटचा रेडिओ सांगलीला कधी पोचला काका? तुम्हीच म्हणालात टेकडी आडवी येते.

पेठकर:
थट्टा सोपी असते. उद्या ‘शिक्षण’चं ‘शिक्षन’ करा.

गुलटेकडी:
शिक्षन घेऊनच इथं टाइप करतोय. तुमच्या जिभेला सोवळं नेसवा आणि पूजा करा तिची. छडी तुम्ही खाल्ली, वळ आमच्या आयांच्या पाठीवर का?

टेकडीवाली:
अहो, विषय आंदोलनाचा होता. ण-न नंतर बघू ना.

गुलटेकडी:
ताई, हाच विषय आहे. आणि तुमचंही काही पटलं नाही. मार्केटयार्डात पहाटे तीनला गाड्या लागतात तेव्हा रेडिओ चालू असतो, पण गाण्यांसाठी. हमालांना मोर्चा आहे हे रेडिओनं सांगायची गरज हमाल पंचायतीच्या बाबा आढावांच्या काळापासून पडलेली नाही. माणूस गाळ्यागाळ्यावर जातो, सांगतो, लोक येतात. रेडिओवर माइक द्यायची वेळ येते तेव्हा दर वेळी तेच चार आवाज. दोन कोथरूडचे, एक औंधचा, एक परदेशातून सुट्टीवर आलेला. टेकडीवर बोलतील तासभर. टेकडीच्या उतारावरच्या वस्तीला पाणी किती दिवसांनी येतं यावर पाच मिनिटं.

टेकडीवाली:
मी वारज्याची आहे.

गुलटेकडी:
मग तर लाजच वाटली पाहिजे.

टेकडीवाली:
ही भाषा नको. तुम्हाला काय माहीत मी काय केलंय ते! आमच्या सोसायटीत मागच्या वस्तीला नळजोड मिळावा म्हणून सह्या घेत फिरले, अर्ध्या दारांवर "वेळ नाही" ऐकलं. …बरं, त्याबद्दल मी कुठे बोलायला गेले नाही हे खरं आहे. टेकडीबद्दल गेले. एवढं कबूल. जास्त नाही.

बॅटरी_संपली:
नोंद घ्यावी, या धाग्यावर कुणीतरी काहीतरी कबूल केलं. वाजले 11.40.

खरखर:
गुलटेकडी, चार आवाज का, तेही सांगतो. दुपारी तीनला रेकॉर्डिंगला रिकामा कोण असतो? रोजंदारीचा माणूस आला तर त्याचा खाडा. आम्ही चहा द्यायचो. खाडा भरून द्यायला पैसे नव्हते, आणि खरं सांगायचं तर सुचलंही नाही. एकदा मीच रेकॉर्डर घेऊन पहाटे मंडईत गेलो. उत्तम बोलली माणसं. मागे टेम्पोचे हॉर्न होते म्हणून ते लागलं नाही. क्वालिटी.

पेठकर:
हॉर्न चालले असते मला. पुण्यात राहतो.

जनवाडीकर, तुमच्या आईंच्या आवाजातलं ते मूळ रेकॉर्डिंग मिळेल का कुठे? ‘पानी’सकट. ऐकेन म्हणतो. मत बदललं असं समजू नये.

खरखर:
जे लागलं ते तीन महिने जपून ठेवायचं बंधन असतं. जे लागलंच नाही ते कोण ठेवतो? आमच्याकडे जागा कमी पडली की डिस्क पुसायचो.

जनवाडीकर:
रेकॉर्डिंग गेलं असेल. आई आहे. विचारते तिला, पण काका, ती विचारेल कोण ऐकणार आहे, तर काय सांगू? रिक्षातून उतरलेले?

पेठकर:
सांगा तसंच.

बॅटरी_संपली:
विद्यापीठाची विद्यावाणी 107.4 ना? धायरीत गच्चीवर उभा आहे, फोन वर धरलाय, नुसती खरखर. आयडीवाले खरखर नव्हे. कुणाला लागते का इकडे?