नवीन मदरबोर्ड लावला, पंखे फिरतात पण डिस्प्लेच येत नाही (इंदूर)

सुदामानगरकर
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. घरचा पीसी मीच जोडलेला आहे, रायझन ५ २४००जी, ए३२० चा बोर्ड, ८-८ च्या दोन रॅम, एक साटा एसएसडी आणि एक जुनी हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. मागच्या आठवड्यात पाऊस सुरू झाला तशी लाईट दोन-तीनदा आली-गेली आणि त्यानंतर पीसी मेला तो मेलाच, बटण दाबलं की काहीच नाही. इथे आरएनटी मार्गावर एका दुकानात दाखवला, तो म्हणाला बोर्ड गेला. ए३२० आता मिळत नाही म्हणे, बी५५० एम घ्या, "भिया सॉकेट वही है एएम४, सब चलेगा". घेतला. घरी येऊन सगळं लावलं, नीट स्टँडऑफ (बोर्डाखालचे टेकू) बघून, मागची पत्र्याची पट्टी लावून, २४ पिन आणि प्रोसेसरजवळची ८ पिन दोन्ही घट्ट बसवून. चालू केलं तर पंखे फिरतात, रॅमजवळ लाईट लागते, मॉनिटरवर मात्र "नो सिग्नल". एचडीएमआय केबल बोर्डलाच आहे कारण कार्ड नाहीये. बाबांचं टॅली त्याच एसएसडीत आहे त्यामुळे घरात वातावरण तंग आहे. काय बघू?

पोहे_जलेबी
रॅम काढ, इरेझरने पट्ट्या घास, परत लाव. एकच रॅम लावून बघ. आणि मॉनिटरचं सोर्स एचडीएमआयवरच आहे ना ते बघ. ९० टक्के वेळा हेच असतं.

सुदामानगरकर
घासून झाली भाऊ. एकेक करून चारही स्लॉटमध्ये फिरवली. मॉनिटर भावाच्या लॅपटॉपला लावला तर चालतोय.

जुनी_हार्डडिस्क
इरेझर ठेव बाजूला. बोर्डाच्या कडेला चार छोटे दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चालू केल्यावर चारही जण हजेरी लावतात आणि जिथे गाडी अडते तो दिवा पेटून राहतो. कुठला पेटून राहतोय ते सांग, पण माझा अंदाज आत्ताच सांगून ठेवतो, सीपीयूचा म्हणजे प्रोसेसरचा असणार.

कारण सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालला असं नसतं. एएम४ सॉकेट २०१६ पासून आहे, त्यात बसणारे प्रोसेसर चार-पाच पिढ्यांचे आहेत, आणि बोर्ड कुठल्या प्रोसेसरला ओळखतो हे त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डातल्याच प्रोग्रॅममध्ये, लिहिलेलं असतं. बी५५० आला २०२० च्या जूनमध्ये, आणि एएमडीने तेव्हाच सांगितलं होतं की हा ३००० च्या डेस्कटॉप सिरीजपासून पुढचे प्रोसेसर घेणार, २००० वाले नाहीत. तुझा २४००जी त्याच २००० मधला, २०१८ चा. भौतिकदृष्ट्या तो सॉकेटात आरामात बसतो, वीज पण जाते, पंखे पण फिरतात, फक्त बायोसला त्याची ओळखच नाही. दुकानदार खोटं बोलला असं नाही, सॉकेट खरंच एकच आहे. पण त्याने अर्धीच गोष्ट सांगितली.

खात्री करायची तर बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव बघ, शेवटचं रिव्हिजन १.० का १.२ ते सुद्धा, आणि कंपनीच्या साइटवर त्याच नावाच्या पानावर "सीपीयू सपोर्ट" ची यादी उघड. यादीत तुझा नसेल तर विषय संपला. असेल तर शेजारी बायोसचं व्हर्जन दिलेलं असतं, ते किमान लागतं.

वायरमन_ताई
जुनी_हार्डडिस्क बरोबर बोलताहेत पण मला एक वेगळीच काळजी वाटतेय. आधीचा बोर्ड लाईट येण्या-जाण्यात गेला ना, मग एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) तपासला का कोणी? तोच जर बिघडला असेल तर नवा बोर्डही खाईल. घरी मल्टीमीटर असेल तर एसएमपीएस सगळ्यापासून सोडव, २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरला एका तारेने जोड, पंखा सुरू होईल (केबल सगळ्या काळ्या असतील तर हिरवीची जागा इंटरनेटवर पिनचा नकाशा बघून काढ, अंदाजाने तार घालू नकोस). मग पिवळी आणि काळी मोज, ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मध्ये पाहिजे. लाल पाचच्या आसपास, ४.७५ ते ५.२५. हे बिनलोडचं मोजमाप आहे, म्हणजे यात पास झाला तरी शंभर टक्के चांगला असं नाही, पण नापास झाला तर मात्र सरळ बदल.

दुसरं, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? खास करून अनवाणी असताना?

सुदामानगरकर
दिवा सीपीयूचाच पेटून राहतोय, लाल. यादीत ३००० पासून पुढचेच आहेत, २४००जी नाही.

आणि ताई, झिणझिण्या येतात! नेहमीच यायच्या, आई तर पीसी पुसतच नाही त्यामुळे. आम्हाला वाटायचं पावसाळ्यामुळे.

वायरमन_ताई
पावसाचा काही संबंध नाही, तुमच्या भिंतीवरच्या त्या स्विचबोर्डात अर्थिंग नाहीये. एसएमपीएसच्या आत आवाज गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थिंग असली की जो थोडा करंट गळतो तो जमिनीत जातो. नसली की कॅबिनेट मधल्यामध्ये लटकतं, साधारण निम्म्या व्होल्टेजला, म्हणजे २३० चे ११५. करंट अगदी कमी असतो म्हणून माणूस मरत नाही, पण तोच पत्रा तुम्ही मॉनिटरच्या नाहीतर टीव्हीच्या केबलने दुसऱ्या उपकरणाला जोडता आणि मग एचडीएमआयचे पोर्ट जातात. आपल्या इंदूरच्या जुन्या घरांत, वाड्यांत तर तीन पिनचं सॉकेट लावलेलं असतं आणि वरच्या मोठ्या भोकात मागे वायरच नसते, मी स्वतः कितीतरी उघडून बघितलीत. टेस्टरने कळत नाही हे. मल्टीमीटर एसीवर ठेवून फेज ते अर्थ मोज, २३० च्या जवळ यायला हवं, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. हे मोजायला भीती वाटत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलव, शंभर-दोनशे रुपये घेईल. पण नवा बोर्ड चालू करायच्या आधी हे कर. आणि कोणी सांगितलं की न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून टाक, तर त्याला चहा पाजून घरी पाठव, ते जीवघेणं आहे.

बडोद्याचा_बंड्या
माझं मत वेगळं. बोर्ड परत कर आणि जुना बी४५० घे, सेकंडहँड मिळतो, तुझा २४००जी त्यात चालेल. नवीन प्रोसेसरला आठ-दहा हजार कशाला घालवायचे, टॅलीला काय लागतं? इथे बडोद्यात पण दुकानदार असंच करतात, जे शेल्फवर पडलंय ते गळ्यात मारतात.

जुनी_हार्डडिस्क
बंड्या, टॅलीपुरतं बरोबर आहे तुझं. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि २४००जी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत नाही. २६०० आहे, ३२००जी आहे, हा नाही. म्हणजे सेकंडहँड बोर्डात पैसे घालून परत तो तिथेच उभा. वर सेकंडहँड बोर्डाला वॉरंटी काय, राम राम. माझ्या मते बोर्ड ठेवावा आणि ५६००जी घ्यावा. ग्राफिक्स आत आहे, कूलर डब्यात येतो, आहे तीच डीडीआर४ रॅम चालते. सुदामानगरकर, फक्त "जी" बघून घे. नुसता ५६०० स्वस्त दिसला म्हणून उचललास तर त्यात ग्राफिक्स नाही, परत नो सिग्नल.

सुदामानगरकर
बाबांशी बोललो. "एकदाच काय ते कर" असं म्हणाले म्हणजे हो धरतो. दुकानदार बोर्ड परत घ्यायला तयार नाही पण ५६००जी थोडा कमी करून देतोय. जुना प्रोसेसर काढताना काय सांभाळू? आणि बायोस अपडेट करावं लागेल का?

जुनी_हार्डडिस्क
काढताना एकच गोष्ट सांभाळ. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, बोर्डाला नाही. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली असते, कूलर सरळ वर ओढलास तर लॉक असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. तुझा सुरूच होत नसल्याने गरम पण होणार नाही. म्हणून आईचा नाहीतर बहिणीचा हेअर ड्रायर घेऊन कूलरच्या बुडाला दोन-तीन मिनिटं गरम हवा दे, चारही स्क्रू तिरपे-तिरपे थोडे-थोडे सैल कर, आणि मग कूलर डावी-उजवीकडे फिरव. तो सरकायला लागला की मगच उचल. स्क्रू काढल्यावर बोर्डाच्या मागची प्लेट खाली पडते, तिला हाताने धरून ठेव, नाहीतर कॅबिनेटमध्ये शोधत बसशील.

नवा बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाला जुळव, दांडी वर करून नुसता ठेव, आपोआप बसतो, दाबायचा नाही.

पहिल्यांदा कॅबिनेटमध्ये घालूच नकोस. बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेव. बोर्ड ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर नको, तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेऊ शकतो. प्रोसेसर, कूलर, एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन पॉवर केबल, मॉनिटर. बस. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडायच्या. इथे डिस्प्ले आला आणि कॅबिनेटमध्ये गेल्यावर गेला तर समजायचं कुठेतरी जास्तीचा स्टँडऑफ मागून टेकतोय. हे न करता लोक सगळं कसून बांधतात आणि मग दहा गोष्टींवर संशय घेत बसतात.

बायोसचं म्हणशील तर ५६००जी दुकानात आला २०२१ च्या ऑगस्टमध्ये. बोर्ड त्याआधीचा शेल्फवर पडलेला असेल तर अपडेट लागेल, आणि जुना प्रोसेसर चालत नाही त्यामुळे त्यावरून करता येणार नाही. मागच्या बाजूला फ्लॅशचं (बायोस अपडेटचं) बटण आहे का बघ. असेल तर प्रोसेसरशिवाय पण होतं, पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट, फाइलचं नाव कंपनी सांगते तसं बदलायचं (गिगाबाइटला वेगळं, एमएसआयला वेगळं), खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावायचं, बटण दाबायचं आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात बांधून बसायचं. मध्ये लाईट गेली तर त्रास आहे, म्हणून यूपीएसवर कर. बटण नसेल तर दुकानदाराच्या गळ्यात घाल, त्याने विकलाय, त्याने करून द्यावं.

पोहे_जलेबी
इरेझरवाला मी. नम्रपणे मागे सरतो.

सुदामानगरकर
अपडेट! एसएमपीएस पास झाला, ११.९ दाखवले. अर्थिंग खरंच नव्हती, सॉकेटच्या मागे वायर कापून नुसती टेप मारलेली. इलेक्ट्रिशियनने ओढून दिली, झिणझिण्या गेल्या, आई खूश. दुकानदाराने बायोस करून दिलं (थोडी कुरकुर केली). घरी खोक्यावर ठेवून चालू केला आणि डिस्प्ले आला!!

पण आता नवीनच. बायोसमध्ये एसएसडी दिसते, बूटच्या यादीत मात्र नाही. जुनं विंडोज उठत नाही.

वायरमन_ताई
जुनं विंडोज एमबीआर या डिस्कच्या जुन्या पद्धतीने टाकलेलं असणार. नवे बोर्ड यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत मागतात. बायोसमध्ये सीएसएम नावाचं जुन्या पद्धतीचं स्विच असतं पण ते चालू करण्याच्या मागे लागू नकोस, विंडोज ११ ला ते बंदच लागतं. आधी ती एसएसडी भावाच्या लॅपटॉपला यूएसबी केबलने लावून टॅलीचा डेटा फोल्डर कॉपी करून घे, हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मग विंडोजची पेन ड्राइव्ह बनव, तिच्यावरून सुरू कर, पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाब, काळी खिडकी येईल. तिथे एमबीआर२जीपीटी नावाचं टूल असतं, आधी व्हॅलिडेट मग कन्व्हर्ट. विंडोज न उडवता डिस्कची पद्धत बदलतं. दोन डिस्क आहेत ना तुझ्या, मग हार्ड डिस्कची केबल तेवढा वेळ काढून ठेव, चुकीच्या डिस्कवर काही व्हायला नको.

लायसन्सचं पण बघ. बोर्ड बदलला की विंडोज अॅक्टिव्हेशन जातं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असेल तर अॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये "हार्डवेअर बदललं" असा पर्याय येतो. जुन्या बोर्डाबरोबर आलेलं ओईएम असेल तर ते त्याच्याबरोबरच गेलं.

सुदामानगरकर
झालं! टॅली उघडलं, बाबांनी स्वतः एंट्री करून बघितली. अॅक्टिव्हेशन पण झालं. दोनच शंका राहिल्या. रॅम ३००० ची आहे पण २१३३ दाखवतेय. आणि १६ जीबी असून विंडोज "१३.९ वापरण्याजोगी" म्हणतं, रॅम खराब झाली का?

जुनी_हार्डडिस्क
नाही रे. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू कर, ३००० होईल. आतल्या ग्राफिक्सला तीच रॅम वापरावी लागते त्यामुळे ह्याचा फरक डोळ्यांना दिसेल, आणि दोन्ही रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्येच ठेव, शेजारी-शेजारी नको. कमी झालेले दोन जीबी ग्राफिक्सने बाजूला काढलेत. यूएमए फ्रेम बफर नावाची सेटिंग असते, ती ५१२ एमबी केलीस की बहुतेक परत मिळतील. टॅलीला पुष्कळ झालं, गेम खेळणार असशील तर दोनवरच राहू दे.

सुदामानगरकर
गेम भाऊ खेळतो. दोनवरच ठेवतो 😄