इंग्रजी क्रियाविशेषणांचे प्रकार ओळखायचे कसे?

प्रश्न:
इंग्रजी क्रियाविशेषणांचे रीतिवाचक, स्थलवाचक, कालवाचक, आवृत्तिदर्शक आणि परिमाणवाचक हे प्रकार पाठ आहेत, परंतु वाक्य समोर आले की गोंधळ होतो. 'ही वर्क्स हार्ड' आणि 'ही हार्डली वर्क्स' या वाक्यांतील दोन्ही शब्द रीतिवाचकच मानायचे का? तसेच 'ऑल्वेज', 'नेव्हर' यांची वाक्यातील जागा कशी ठरते?

प्रतिसाद १:
नाही. पहिल्या वाक्यातील 'हार्ड' तो काम कसे करतो हे सांगतो, म्हणून तो रीतिवाचक. 'हार्डली' मात्र परिमाण सांगतो आणि जवळजवळ नकारच देतो, म्हणजे तो फारसे काम करतच नाही. शेवटच्या 'ली'वर विसंबू नये, कारण 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' ही विशेषणे आहेत, तर 'फास्ट'ला 'ली' न लागताही ते क्रियाविशेषण होते. कसे, कुठे, केव्हा, कितीदा, किती यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळते ते पाहिले की प्रकार कळतो.

प्रतिसाद २:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते प्रकार ओळखण्याचा खरा उपयोग शब्दाची जागा ठरवण्यातच आहे. आवृत्तिदर्शक शब्द सहसा मुख्य क्रियापदाच्या आधी येतात ('शी ऑल्वेज कम्स अर्ली'), पण 'बी' या क्रियापदाची रूपे ('इज', 'वॉज' वगैरे) एकटी असतील तर त्यांच्यानंतर येतात ('शी इज ऑल्वेज लेट') आणि सहायक क्रियापद असल्यास पहिल्या सहायकानंतर ('शी हॅज नेव्हर बीन लेट'). 'समटाइम्स' आणि 'युज्वली' वाक्यारंभीही चालतात. 'नेव्हर' आरंभी आणले तर मात्र कर्ता आणि सहायक यांची अदलाबदल करावी लागते: 'नेव्हर हॅव आय सीन सच अ थिंग'. परिमाणवाचकांत 'एनफ' तेवढा हट्टी आहे, तो विशेषणाच्या नंतरच बसतो.

प्रतिसाद ३:
प्रतिसाद १ मधील कसोटी उपयुक्त असली, तरी ती सर्वत्र लागू पडत नाही. 'ही डिड नॉट स्पीक फ्रँकली' म्हणजे तो मनमोकळेपणाने बोलला नाही. 'फ्रँकली, ही डिड नॉट स्पीक' म्हणजे खरे सांगायचे तर तो बोललाच नाही. दुसऱ्या वाक्यात तो शब्द क्रियापदाला नव्हे, तर संपूर्ण वाक्याला लागतो आणि बोलणाऱ्याची भूमिका दाखवतो. 'फॉर्च्युनेटली'ही याच गटातला असून तो वरील पाचांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. म्हणून आधी शब्द कशाला लागतो ते पाहावे, प्रश्न नंतर विचारावा.