इंदूर: बयाना घेऊन घरमालक आता रजिस्ट्रीला नाही म्हणतोय

मंडळी, लोकमान्य नगरातल्या एका जुन्या घराचा सौदा आम्ही मार्च 2024 मध्ये केला. (पुण्याकडे साठेखत म्हणतात ते, आपल्याकडे अनुबंधच.) किंमत 58 लाख, बयाना 9 लाख चेकने दिला. रजिस्ट्री 30 सप्टेंबर 2024 पर्यंत, असं कागदावर आहे.

सप्टेंबर आला तसे घरमालक काका म्हणाले, "बहिणीची सही राहिलीय, दिवाळीनंतर बघू." मग संक्रांत, मग मुलीचं लग्न. एकाच गणेश मंडळातली माणसं, त्यामुळे आम्हीही भिडेखातर गप्प. गेल्या महिन्यात 9 लाखांचा चेक आणि चिठ्ठी आली: सौदा रद्द समजा. चेक बँकेत टाकला नाही, देवघरातल्या डब्यात ठेवलाय. परवा दुसरीच माणसं घर बघून गेली म्हणे.

आमचं लोनचं मंजुरीपत्र केव्हाच संपलं. दावा टिकेल का? आणि मुदत किती?

उत्तर 1
ताई, चेक वटवू नका, नाहीतर सौदा रद्द करणं मान्य केलंत असं ते म्हणतील. वकिलामार्फत स्पीड पोस्टाने कळवा की उरलेले 49 लाख देऊन रजिस्ट्री करायला आम्ही तयार आहोत.

कागदावर तारीख ठरलेली असेल तर मुदत त्या तारखेपासून 3 वर्षं. दिवाळी-संक्रांतीचे तोंडी वायदे धरून बसू नका.

स्पेसिफिक रिलीफ कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर स्पेसिफिक परफॉर्मन्स (ठरलेला करार प्रत्यक्ष पुरा करायला लावणारा हुकूम) देणं-न देणं पूर्वीसारखं कोर्टाच्या मर्जीवर राहिलेलं नाही, पण तुम्ही सुरुवातीपासून तयार होतात हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. खरी लढाई तिथेच होते. रोख रक्कम कोर्टात मांडून दाखवायची गरज नाही (कोर्टाने सांगितलं तर गोष्ट वेगळी), ऐपत मात्र दिसली पाहिजे. जुनं मंजुरीपत्र, एफडी, पासबुक, सगळं काढा. जमलं तर लोन नव्याने मंजूर करून घ्या. दाव्यात बयाना परत मिळण्याची मागणीही पर्यायी म्हणून घाला. मागितलं नाही तर कोर्ट आपणहून देत नाही. सोबत घर विकण्यावर स्थगिती मागा.

एक सांगा, घर मुळात कोणाच्या नावावर आहे? बहीण कुठून आली?

धागाकर्ती
घर त्यांच्या वडिलांचं, मृत्युपत्र नाही. नगर निगमात नामांतरण फक्त काकांच्या नावाने झालंय, तेच बघून आम्ही सही केली.

उत्तर 1
मग अवघड आहे. नामांतरणाने मालकी ठरत नाही, बहिणीचा हिस्सा शाबूत आहे. तिने सही केली नसेल तर करार तिच्यावर बंधनकारक नाही. वकिलाकडे जाताना आधी हाच कागद काढा.

धागाकर्ती
बहीण उज्जैनला असते. यजमान म्हणतात आधी तिला भेटून येऊ. भेटावं की नोटीस गेल्यावरच?