वाकळेत जुनं इरकल घालण्याआधी

आजीची जुनी इरकल साडी वाकळेत, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधडीत, घालायची तर आधी गरम पाण्यात मशीनला लावा, असं काहीजण सुचवतात. कृपा करून तसं करू नका. अंग सुती आणि पदर रेशमी असेल तर दोन्ही सारखं आटत नाही, जोडापाशी चुण्या पडतात. आधी लाल पदरावर ओला पांढरा फडका 2 मिनिटं दाबा. रंग उतरला तर पदर जोडापाशी कापून वेगळा काढा. बाकीचं गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात 10 मिनिटं. पिळायचं नाही. सांगलीच्या उन्हात तर नकोच, सावलीत आडवं पसरा.

वाळल्यावर उजेडासमोर धरा. घडीच्या रेषेवर सूत विरलेलं दिसेल; तिथं टाका घातला की सुईच्या भोकापासूनच फाटत जातं. असे तुकडे मधल्या थरात घाला. धावदोरा सुतीच हवा, नायलॉनचा जुनं सूत कापतो.