मदत हवी आहे: अन्यायी कारभाऱ्यावर उपदेश कसा बांधू?

जय ख्रिस्त! येत्या रविवारी कॅम्पातल्या आमच्या मराठी उपासनेत लूकच्या शुभवर्तमानातल्या १६:१-१३ वर बोलायचंय. येशूचा हा दाखला असा: काम जाणार हे कळताच कारभारी धन्याच्या देणेकऱ्यांची देणी कमी लिहून घेतो, म्हणजे पुढे ते त्याला आसरा देतील; आणि धनी त्याचंच कौतुक करतो. वेळ १५ मिनिटं, वचन बदलता येणार नाही. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेलो नाही. समोर निम्मे लोक बँकेतून, हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. धन्याच्या खात्यात तेलाचे १०० चे ५० आणि गव्हाचे १०० चे ८० करणाऱ्याची वाहवा त्यांच्या गळी उतरवणं सोपं नाही!

कारभाऱ्यानं फक्त स्वतःचं कमिशन किंवा लपवलेलं व्याज सोडलं, हे स्पष्टीकरण वाचलंय. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या (२३:१९) व्याजबंदीशी ते जुळतं, पण दाखल्यात कमिशनचा उल्लेखच नाही, आणि ८ व्या वचनात तो अन्यायीच राहतो. मला ही पळवाट वाटते. 'कौतुक हुशारीचं, लबाडीचं नाही' हेही ठाऊक आहे. मंडळीनं ते दहादा ऐकलंय.

माझा खरा अडथळा पुढे आहे. १० व्या वचनापासून अगदी थोड्या गोष्टींतही विश्वासू राहण्याची गोष्ट येते, म्हणजे कारभाऱ्याच्या अगदी उलट. मग १०-१३ ही वचनं दाखल्याचाच अर्थ सांगतात, की लूकनं पैशाबद्दलची वेगळी वचनं इथे जोडली? आणि दुसरं खरं असेल, तर व्यासपीठावरून ते कितपत उघड बोलावं?