ब्लूबेरीची पानं पिवळी पडताहेत, लवकर सांगा

गच्चीकर: ब्लूबेरीची दोन रोपं. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. खत दिलं, फरक शून्य. काय फवारू?

मातीमोल: गाव? जात? कुंडीत काय भरलंय? पाणी नळाचं की बोअरचं? आणि 'खत' म्हणजे नेमकं कोणतं?

गच्चीकर: पुणे. बिलॉक्सी. लाल माती, शेणखत, वरून गांडूळखत. पाण्याचा काय संबंध?

मातीमोल: पाण्याचाच तर आहे. ही लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी माती आंबट) चढला की मुळांना ते उचलता येत नाही. ब्लूबेरीला 4.5 ते 5.5 लागतो; गांडूळखत 7 च्या आसपास. म्हणजे खताने दुखणं वाढवलंत.

सेंद्रियसखा: आठवड्याला आंबट ताक, वर कॉफीचा चोथा. रसायनं कशाला?

मातीमोल: ताकाने बुरशी नि मुंग्या येतील. चोथ्यातलं आम्ल तर कपात उतरून गेलेलं असतं.

सेंद्रियसखा: पुस्तकी उत्तर.

गच्चीकर: पाणी बोअरचं. घरी गंधक आहे, घालू का?

थेंबथेंब: गंधकाचं आम्ल जिवाणू करतात, त्याला महिने जातात. तोवर बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट (आम्ल मारणारा क्षार) सामू रोज वर ढकलणार. आधी पाणी सुधारा. 10 लिटरला 2 ग्रॅम लिंबूसत्त्व, ढवळून मीटरने मोजा, 5.5 येईपर्यंत अर्धा-अर्धा ग्रॅम वाढवा. अंदाजाने ओतू नका.
मग कुंडी बदला: पीटमॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं, आम्लधर्मी शेवाळ) 2 भाग, कोकोपीट 1, परलाइट (हलके पांढरे खनिजकण) 1. कोकोपीट दोन-तीनदा धुवा, नाहीतर क्षारांनी पानांच्या कडा करपतात. मुळं केसासारखी बारीक नि उथळ असतात, खसाखसा झाडू नका.
फवारणीने आहेत ती पानं हिरवी होतील, नवी पुन्हा पिवळीच येतील. लोह द्यायचंच तर ईडीडीएचए चिलेट (मुळांना उचलता येईल असं बांधलेलं लोह), मुळाशी. ईडीटीए हे दुसरं चिलेट सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही.

डोंगरमैना: पुण्यात थंडी कुठे पुरते? त्यापेक्षा करवंद लावा.

थेंबथेंब: बिलॉक्सीला थंडी फार कमी लागते. पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर हीच जात पिकते.

गच्चीकर: मीटर नाही. लिटमस चालेल?

मातीमोल: नाही. लिटमस फक्त आम्ल की अल्कली एवढंच सांगतो. आणि शेणखत आजपासून बंद. नवीन फूट हिरवी आली की अमोनियम सल्फेट, महिन्याला अर्धा चमचा. कॅल्शियम नायट्रेट नको.

नवीसदस्य: पेरू कुंडीत येतो का? किती इंची घ्यावी?

थेंबथेंब: मी देश म्हणत होतो हो.